मित्रांच्या आग्रहावरून

हायरम पेटिग्रू. जन्म १८२६, स्कॉटलंड. लाकूड कापायची गिरणी. न्यू ब्रन्सविक प्रांताच्या विधानसभेवर तीनदा निवड: १८७४ मध्ये एकोणीस मतांनी, १८७८ आणि १८८२ मध्ये बिनविरोध. रस्ते आणि पुलांच्या समितीवर आठ वर्षं. मृत्यू १८९१, न्यूमोनिया.

कर्वेनगरमधल्या आमच्या ऑफिसात मी दिवसाला अशी बारा आयुष्यं तपासते. काम कॅनडातल्या एका संग्रहालयाचं. प्रत्येक ओळीला पुरावा शोधायचा, नाही मिळाला तर ओळ काढायची. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, म्हणून मला हे बरं जमतं, असं आमचा टीम लीड अनिरुद्ध म्हणतो.

त्या बुधवारी मी ‘बिनविरोध’ या शब्दापाशी अडले. बाबांनी ग्रामपंचायतीला अर्ज भरला होता, तोही खुल्या जागेवर, आणि अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी तीनला संपणार होती. आमचं गाव लोणी काळभोरच्या पुढे. आमच्या बौद्ध वस्तीतलं कुणी राखीव जागा सोडून कधी उभं राहिलेलं नाही. रविवारी घरी गेले तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला होता: ‘गाव बिनविरोध केल्याबद्दल ग्रामस्थांचे अभिनंदन’. अकरा फोटो. त्यांत बाबा नव्हते.

“छापणाऱ्याला घाई झाली आसंल,” बाबा म्हणाले होते. “मी काय मागं घेत न्हाई.”

साडेबाराला मी त्यांना फोन केला.

“तहसीलला हाय,” ते म्हणाले. “हिंमतरावांनी आणलं गाडीतून.”

हिंमतराव म्हणजे माजी सरपंच. माझा भाऊ साईनाथ त्यांच्याच गोदामात कामाला आहे.

“बाबा, सही करू नका.”

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

मी परत पेटिग्रूकडे वळले. बिनविरोध म्हणजे दुसरा कुणी उभाच नव्हता, की होता आणि बसला? १८७८ च्या एका स्थानिक वर्तमानपत्रात चौथ्या पानावर एक ओळ सापडली: ‘श्री. बेल यांनी मित्रांच्या आग्रहावरून माघार घेतली आहे.’ १८७१ च्या जनगणनेत बेल सापडला. शेतकरी, चार मुलं, विकायच्या लाकडाचं थोडं स्वतःचं रान. त्या भागात लाकडाची गिरणी एकच होती, पेटिग्रूची. १८८१ च्या जनगणनेत तिथे बेल नाही. दोन गोष्टी मागोमाग घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तिसरी गोष्ट शोधत राहिले. मिळाली नाही.

“हरलेल्यांसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही, आम्रपालीबाई,” अनिरुद्ध मागून म्हणाला.

“तो हरला नाही. त्याने माघार घेतली.”

“मग तर अजिबातच नाही.”

तीनला दहा कमी असताना फोन वाजला.

“झालं,” बाबा म्हणाले.

“काय झालं?”

“घेतला मागं. समद्यांनी लई आग्रह केला गं. साईनाथलाबी बोलावून घेतलं हुतं. त्यो काय बोलला न्हाई, नुसता हुबा हुता.”

मागून कुणीतरी हाक मारली, “सीतारामराव, चहा घ्या की.” बाबांच्या नावापुढे ‘राव’ मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

“शिट्टी मागणार हुतो,” बाबा म्हणाले. “चिन्ह.”

आणि त्यांनी फोन ठेवला.

पेटिग्रूच्या ‘बिनविरोध’ला दोन पुरावे होते. मी ओळ बरोबर असल्याची खूण केली. बेलची ओळ मी शेऱ्यात लिहून ठेवली. चारच्या सुमारास पाहिलं तर शेऱ्याचा रकाना कोरा होता. अनिरुद्धला मी विचारलं नाही. त्याच्या जागी असते तर नियमाप्रमाणे मीही ती काढलीच असती.

पुढच्या रविवारी घरी गेले. फ्लेक्स तोच होता, फक्त खाली नवी पट्टी चिकटवली होती: ‘विशेष सहकार्य: मा. सीतारामराव’. शेजारी फोटो. बाबांनी अर्जासाठी मुद्दाम काढून घेतलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला.

चौकातून गेलं तर दुधाची डेअरी दोन मिनिटांवर आहे. बाबा आता दूध घालायला मागच्या ओढ्याकडून जातात.