व्हरांड्यातली खाट

क्लॅरीने जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली. कळपातली लंगडणारी मेंढी त्याला मैलभरावरून दिसायची. आज तो दवाखान्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोच्या, नोलीनच्या खांद्यावर अंगठा जेमतेम टेकवला, तशी ती कळवळली.

"रिपोर्ट चांगले आले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही," बाई म्हणाल्या. "याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात, यात नुसता हात लागला तरी अंग दुखतं. मुळापासून जाईलच असं नाही, पण रोज थोडं चाला, झोप सांभाळा, ही गोळी घ्या. बराच आराम पडेल."

काही वर्षांपूर्वी असेच चांगले रिपोर्ट बघून क्लॅरी तिला ढोंगी म्हणाला होता. जवळ घेतलं की ती अंग चोरायची. हिला आपला कंटाळा आलाय तर राहू दे, म्हणत त्याने रागाच्या भरात आपली खाट व्हरांड्यात नेली. हिवाळ्यामागून हिवाळे गेले, खाट तिथेच राहिली.

गाडीत बसल्यावर तो पुटपुटला, "जवळ घेतलं की दुखतं, एवढं सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं," नोलीन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू म्हणालास, मग रिपोर्टात का दिसत नाही?"