समोरची खुर्ची

पहिल्याच दिवशी समुपदेशक बाईंनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी सल्ले देणार नाही, घाई करणार नाही, मधे एखाद्या वेळी आधीपेक्षा जास्त वाईट वाटेल, पण तेव्हाही यायचं सोडू नका.

घरी नवऱ्याने चेष्टा केली होती. "नुसतं बोलायला एवढ्या लांब जायचं? मग मी काय घरात भिंत आहे का?"

"भिंत बरी. ती मधे मधे बोलत नाही."

तरी दर आठवड्याला तो तिला स्कूटरवरून सोडायचा आणि खाली झाडाजवळ थांबून राहायचा. ती कपडे अल्टर करून द्यायची. आई कुणाकडे राहणार यावरून ताईशी कडाक्याचं भांडण झालं, अबोला धरला, आणि तो सुटायच्या आत ताई गेली. तेव्हापासून कापडावर कात्री ठेवली की तिचा हात तिथेच थांबायचा. ताई रागावूनच गेली का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

त्या दुपारी बाईंनी एक रिकामी खुर्ची तिच्यासमोर आणून ठेवली. "इथे ताई बसल्यात असं समजा. जे राहून गेलं, ते बोला."

तिला आधी हसूच आलं. मग खाली बघत ती म्हणाली, "ताई, तू रागावलीस ना गं माझ्यावर?" आणि पुढे कितीतरी वेळ बोलत राहिली. पडदा हलत होता, खोलीत दुधासारखा मऊ उजेड पसरला होता.

"आता त्या खुर्चीत बसा," बाई हळूच म्हणाल्या, "आणि ताई होऊन उत्तर द्या."

ती उठून समोर जाऊन बसली. खुर्ची ऊबदार होती, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. काय बोलावं याचा ती विचार करतच होती, तोवर तोंडातून शब्द निघाले, "रागावते कसली, वेडाबाई! तुझ्या फोनची वाट बघत होते."

समोर कुणीतरी हुंदका दिला. तिने मान वर केली. तिने नुकत्याच सोडलेल्या खुर्चीत एक बाई रुमालाने डोळे पुसत होती, आणि समुपदेशक बाई तिच्याकडेच मायेने बघत होत्या.

"आता कसं वाटतंय?"

"सुटल्यासारखं वाटतंय," ती बाई म्हणाली.

वेळ संपली होती. त्या दोघी दारापर्यंत बोलत गेल्या. इकडे कुणी वळून पाहिलं नाही, आणि हाक मारावी असं तिच्याही मनात आलं नाही. ती सावकाश उठून खिडकीपाशी गेली. खाली नवऱ्याने स्कूटर चालू केली. ती बाई मागे बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी काहीतरी बोलली, आणि तो इतक्या महिन्यांनी खदखदून हसला.

खिडकीतून बघताना तिला फार बरं वाटलं. धाकटीचं आता सगळं ठीक होणार होतं.