चंद्रावरचा राब

मराठी शास्त्रीय कथेच्या इतिहासात १९४४ हे साल सोन्याच्या अक्षरांनी लिहिले जाईल, याबद्दल साजगावात एका माणसाची पक्की खात्री होती. वाल्मिक त्याचे नाव. खोपोलीच्या वीजघरात तो कारकून होता, आणि ही खात्री पटली तेव्हा त्याने कथेची एक ओळही लिहिलेली नव्हती.

निर्धार मात्र दांडगा. चंद्रावर जायचे, पण शास्त्राला धरून. मंत्र नको, ऋषी नको, आणि शेवटी नायक झोपेतून जागा होणे तर मुळीच नको. पुण्याच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकात कथा आली तर आयुष्यभर लिहायचे. नाही आली तर दौत विहिरीत टाकून मुकाट्याने शेती बघायची, असे त्याने आईला, धोंडूबाईला, देवापुढे सांगितले. धोंडूबाईने लगेच देवाला नारळ कबूल केला. कशासाठी, ते सांगितले नाही.

सुरुवात झकास जमली. घाटावरून नळातून येणारे पाणी वीजघरात ज्या जोराने आदळते, त्या जोराने यान चंद्राकडे सुटले. मुक्काम लांबणार म्हणून नायक आणि नायिका जयवंता यांनी उतरल्या उतरल्या भात पेरला.

इथवर वाल्मिकने ओटीवर मोठ्याने वाचून दाखवले. शेजारचा गजा विडी ओढत ऐकत होता.

"राब कवा भाजला?" त्याने विचारले.

आमच्याकडे रोपाची जागा आधी शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून भाजतात. तो राब. मग पेरणी.

"चंद्रावर राब नसतो."

"मंग रोप कुठनं आलं?"

"गज्या, मानूस तिकडं उडत गेला, ते पटलं ना तुला?"

"ते तुज्या वीजघराचं काम. मला त्यातलं काय कळतं? पन भाताचं खोटं नको सांगू रं."

"वाल्मिका!" धोंडूबाई चुलीपासून ओरडली. "न भाजता पेरलंस? लोक काय म्हनतील?"

"आये, तिथं लोक नाय गं!"

"हितं हायत ना!"

वाल्मिकने तो परिच्छेद राबाशिवाय पुन्हा लिहून पाहिला आणि पुन्हा खोडला. तो शास्त्राचा भक्त होता, पण घराणे भाजूनच पेरणाऱ्यांचे. हात चालेना.

आता चंद्रावर हवा नाही, आणि हवेशिवाय जाळ नाही. दुसऱ्या कोणी भात सोडून चंद्रावर नुसते खडक दाखवले असते. वाल्मिकने काचेचा घुमट बांधला आणि त्यात भरायला कर्जतची हवा टाक्यांतून नेली. टाक्या आल्या, टहाळ आला, शेण आले, तसे यान जड झाले. वजनापुढे शास्त्राचे काही चालत नाही. त्याने जयवंताला उतरवले आणि तिच्या जागी गोवऱ्या भरल्या.

"बाई उतरवलीस ते बेस केलंस," गजा म्हणाला. "लावणीला कोन हाय मंग?"

"गोष्ट लावणीच्या आधी संपते."

"आन धूर रं?" धोंडूबाईने विचारले. "डोळे जातील की त्या पोराचे."

वाल्मिकने घुमटाला झडप बसवली. झडपेतून हवा किती जाईल, टहाळाचा थर केवढा हवा, जाळ कोणत्या बाजूने लावावा, सगळे शास्त्राला धरून लिहिले. श्रावणापर्यंत उड्डाण एका पानात आटोपले होते आणि उरलेल्या पानांवर राब पेटला होता. टपाल चुकू नये म्हणून तो स्वतः कर्जत स्टेशनावर गेला आणि कथा पुण्याच्या डाकगाडीत टाकून आला.

दिवाळीत अंक आला. युद्धामुळे कागदाची टंचाई होती, म्हणून संपादकांनी अनावश्यक मजकूर गाळला होता. वाल्मिकचे लिखाण शेतीच्या पानावर, 'राब भाजण्याची सुधारित पद्धत' या मथळ्याखाली छापले होते. चंद्राचा उल्लेख नव्हता.