एकशे नऊची रिंग

ऑफिसच्या इंटरनेट फोनचा सर्व्हर मी नवा करत होते आणि लोकांच्या पासवर्डना शिव्या घालत होते. अर्ध्या जणांचा पासवर्ड म्हणजे त्यांचाच नंबर! त्यात रोज एक वाजून पाच मिनिटांनी १०९ नंबरच्या, रिकाम्या टेबलावरच्या फोनवर एकच रिंग जायची आणि फोन कट व्हायचा. बाहेरचा कुणी चोर कुलूप चाचपतोय असं वाटून माग काढला, तर निघाले तळमजल्यावरचे स्टोअरकीपरकाका.

"काका, तिथं आता कुणी बसत नाही."

"माहितीये गं. तिथं तुझी काकू बसायची, तिला जाऊन दोन वर्षं झाली. मला स्टोअर सोडता यायचं नाही, तिला टेबल. एक रिंग दिली की ती वर डबा उघडायची, मी खाली. अजून रिंग दिल्याशिवाय घास उतरत नाही."

नियमाप्रमाणे वापरात नसलेला १०९ पुसायचा होता. पण पुसलेला नंबर लावला की नवा सर्व्हर बोलतो, 'हा नंबर अस्तित्वात नाही.' ते काकांना ऐकवणं माझ्याच्यानं झालं नाही. मी १०९ ठेवला आणि चोराला फोडता येऊ नये म्हणून त्याला वीस अक्षरी पासवर्ड दिला. वापरणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सर्व्हर पुढे सरकेना.

मी लिहिलं, 'काकू. जेवायला बसल्या आहेत.'