टाचलेल्या गाठी

माईंच्या बारीक सुया सहा. ना पाच, ना सात. बाकी टाचण्या, दोरे, बटणं घरभर सांडलेली असोत, या सहा सुया मशीनशेजारच्या उशीत ओळीनं टोचलेल्या असायच्या. दुपारी सव्वातीनला कोटाचं अस्तर हातात घेऊन त्यांनी उशीवर हात फिरवला, तर बोटांना पाचच लागल्या.

त्यांनी पुन्हा चाचपलं. पाच. चष्मा लावला. तरी पाच.

आणि मग सकाळची कणीक डोळ्यांपुढे आली. कोट मांडीवरून घसरून खाली गेला, तो उचलायचंही भान राहिलं नाही.

झालं होतं ते असं. माईंची सून पिझ्झाच्या दुकानात काम करायची. नातीच्या, पिटुकलीच्या, वर्गाला आज खाऊ द्यायची पाळी या घराची, म्हणून आदल्या दिवशी तिनं दुकानातून कणकेचा मोठा गोळा आणून फ्रीजमध्ये ठेवला होता. गार्लिक नॉट्स करायचे होते. म्हणजे कणकेच्या जाड दोऱ्या वळायच्या, गाठ मारायची, भाजायचं आणि वरून लसणाचं लोणी फासायचं. इतकंच. सकाळी कामावर निघताना सून म्हणाली, "माई, गोळा बाहेर काढून तासभर नुसता राहू द्या हं. गार असला की आखडून धरतो, गाठी सुटतात."

"बरं झालं सांगितलंस बाई," माई म्हणाल्या. "माझ्या हयातीत मी कणीक कुठे बघितलीय! मला वाटलं भिंतीला लावायचा चुना आहे."

सून चपला घालता घालता हसली. "तासभर, माई."

तास? माईंनी दहा मिनिटंही दम धरला नाही. चाळीस वर्षं ज्या हातांनी लोकांच्या बाह्या बसवल्या त्या हातांना हा थंड गोळा काय दाद देणार नाही? तर नाहीच दिली. दोरी वळली की आखडायची. गाठ मारली की हळूहळू सुटून, पाय पसरून आडवी पडायची. अठरा गाठी कशाबशा जमल्या. उरलेल्या सहांनी मात्र उच्छाद मांडला. तेव्हा शिवणकाम करणारी बाई जे करेल तेच माईंनी केलं. कापड सरकायला लागलं की टाचतात. त्यांनी उशीतल्या सहा सुया उपसल्या, गरम पाण्यानं धुतल्या आणि एकेक गाठ टाचून टाकली. "बघते आता कशी उसवतेस," असं म्हणाल्यासुद्धा.

गाठी फुगल्या, निवांत झाल्या. माईंनी सुया उपटल्या, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. लसूण ठेचून लोण्यात परतला, गरम गाठींवर ब्रशनं फासला, वर हिरवी पानं भुरभुरली. घरभर असा वास सुटला की शेजारीण खिडकीतून डोकावून गेली. दीडला सून जेवणाच्या सुट्टीत आली, चोवीस गाठी बघून म्हणाली, "माई, दुकानात असे होत नाहीत हो!" माईंची मान ताठ झाली. जाताना सून सगळ्या गाठी डब्यात भरून घेऊन गेली. सुयांचा विषय कुणी काढला नाही. माईंनी तर नाहीच.

उपटल्या तेव्हा मोजल्या होत्या का? आठवेना. मोजल्या असत्या तर आठवलं असतं.

त्या गुडघ्यावर बसल्या, लोहचुंबक घेऊन फरशी पुसावी तसं फिरवलं. दोन टाचण्या आणि एक हूक आला. ओट्यावर, बेसिनच्या जाळीत, ॲप्रनच्या खिशात, कचऱ्याच्या डब्यात बघितलं. सुई नाही. फुगलेल्या कणकेनं ती पोटात घेतली होती.

चारला मुलं खाणार होती. सगळी पाच-पाच वर्षांची. खाताना चावतात कुठे, गिळतात.

माईंनी फोन उचलला आणि हात तसाच राहिला. काय सांगणार? सुनेला, जिला सात वर्षं उठता-बसता शिकवलं, तिला? एक क्षण, फक्त एकच, त्यांना वाटलं, कुठेतरी पडली असेल सुई, संध्याकाळी सापडेल. या विचाराचीच त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी घाईनं नंबर लावला. घंटी वाजत राहिली. सून आज लवकर सुटून वर्गात वाढायला थांबणार होती. फोन पर्समध्ये असणार. शाळेचा नंबर सुनेकडेच.

माई निघाल्या. ॲप्रन तसाच, दार नुसतं ओढलेलं. शाळा दहा मिनिटांवर, पण ते धड गुडघ्यांच्या माणसाला. सिग्नलला त्या थांबल्या नाहीत. एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "आजी, जीव जड झालाय का?"

"तुझं तू बघ!" असं म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर त्या पुढच्या कोपऱ्यावर पोचल्या होत्या. वाटभर एकच दिसत होतं: पिटुकलीचा इवलासा गळा.

वर्गात पोचल्या तेव्हा बशा वाढून झाल्या होत्या. मुलं हाताची घडी घालून बाईंच्या टाळीची वाट बघत होती.

"माई? तुम्ही इथे?" सून रिकामा डबा घेऊन उभी.

"ते... मीठ," माई धापा टाकत म्हणाल्या. "मीठ राहिलं गं. परत दे सगळं."

"एवढ्यासाठी पळत आलात!" वर्गाच्या बाई हसल्या. "लोण्यात असतं की मीठ. मुलांनो, या पिटुकलीच्या आजी. चला, आता..." आणि त्यांनी दोन्ही हात उचलले.

"खाऊ नका!" माई ओरडल्या. "सुई आहे त्यात! कुणी हात लावायचा नाही!"

मग कुणीतरी रडायला लागलं.

सून पुढे आली. "सुई? कणकेत?"

"उसवत होत्या मेल्या. मी टाचल्या. सहा लावल्या, पाच निघाल्या."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. ती भराभर बशा उचलायला लागली. बाईही उचलू लागल्या. टेबलावर गाठी मांडल्या. तेवीस.

"एक कमी आहे," माई म्हणाल्या.

पिटुकलीचे गाल फुगलेले होते. टाळीच्या आधीच. आजीनं केलेलं होतं ना.

"तोंड उघड. गिळू नकोस. राणी, गिळू नकोस हं." माईंनी ओंजळ धरली. पोरीनं भेदरून सगळं ओंजळीत टाकलं. माईंनी तो ओला लगदा बोटांनी कण न् कण चाळला. काही नव्हतं. "गिळलंस का काही? टोचलं का कुठे?" पोरीनं मान हलवली, हो की नाही, कळेना.

आता उरलेल्या तेवीस. बाईंनी सुरी आणली. माईंनी ती बाजूला सारली आणि पहिली गाठ मुठीत घेऊन आवळली. मग दुसरी. प्रत्येक वेळी जीव ओतून दाबायच्या आणि मनात म्हणायच्या, टोच. मला टोच गं बाई. चौथी, नववी, बारावी. लोणी कोपरापर्यंत ओघळलं. समोर पोर गळा धरून उभी होती, आणि जितक्या गाठी रिकाम्या निघत होत्या तितकी माईंची नजर त्या गळ्याकडे वळत होती. पंधरावी. सोळावी. सुनेनं पोरीला कडेवर घेतलं, पर्स खांद्याला लावली. तिची एक नजर दाराकडे होती.

सतरावीला तळव्यात आग शिरली.

माई खाली बसल्या. सुई सुनेनंच ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. नेढं शाबूत. टोक शाबूत. "अख्खी आहे माई," ती म्हणाली.

मुलांना बिस्किटं वाटली. घरोघरी चिठ्ठी जायला हवी, असं बाईंनी हळूच सांगितलं. "काय लिहू?"

सून म्हणाली, "लिहा ना, घरी चुकून..."

"चुकून नाही," माई म्हणाल्या. "टाचल्या मी. हिनं तासभर थांबा म्हटलं होतं, मी थांबले नाही. आजीनं केलं म्हणून लिहा."

बाई लिहायला लागल्या. माईंची मूठ अजून वळलेलीच होती. उघडायला गेल्या तर बोटं ऐकेनात. सुनेनं पोरीला खाली ठेवलं, शेजारी बसली आणि सासूचं एकेक बोट सरळ करत राहिली.