डाव्या चाकावरचा गंज

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची असायची. वर्गाला कुलूप लावून ती थेट गाडीत बसली. बॅग सकाळपासूनच मागच्या सीटवर भरून ठेवलेली होती. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, साडेपाच तासांच्या वाटेवर. चार वर्षं झाली, दर दुसऱ्या शनिवारी ती अशीच निघायची आणि रविवारी दुपार कलली की परत फिरायची. बसनं जायचं तर दोनदा बदलावं लागायचं आणि अख्खा दिवस त्यातच मोडायचा. त्यामुळे ही अठरा वर्षांची जुनी गाडीच दोघांचा संसार ओढत होती.

त्या दिवशी खड्ड्यातून जाताना डाव्या चाकाजवळ ठक् असा आवाज झाला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. गॅरेज वाटेवरच होतं, म्हणून ती थांबली.

गॅरेजवाले काका तोंडाचे फटकळ, पण हात हळुवार. त्यांनी बॉनेट उघडलं. शॉकअप वरच्या बाजूला जिथे गाडीच्या अंगाला बोल्टांनी धरलेला असतो, तिथली रबराची टोपी त्यांनी काढली आणि पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा आरपार गेला.

"गाडी समुद्राकाठी उभी असते का?"

"धक्क्यावर. नवऱ्याच्या खोलीसमोर."

"तरीच. वरून रंग ठणठणीत आणि आत नुसता भुसा. एखाद्या मोठ्या खड्ड्यात शॉकअप हा पत्रा फाडून वर येईल."

"काका, आजचा दिवस जाऊ द्या. सोमवारी आणते."

"सोमवारी तुम्हालाच उचलून आणावं लागेल, बाई," काका म्हणाले आणि त्यांनी किल्ली आपल्या खिशात टाकली.

तिनं तिथूनच फोन लावला. काकांनी तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलंय, हे तिनं नवऱ्याला कळवलं.

"मी चादरी धुतल्या होत्या," तो म्हणाला.

ती रोज शाळा सुटली की गॅरेजात जाऊन बसू लागली. तिसऱ्या दिवशी काकांनी तिच्या हातात तारेचा ब्रश दिला. "नुसतं बघून गंज जात नाही." मग ती घासू लागली. तांबडी भुकटी बाहीवर, केसांत, ओठांवर. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायचं, मध्येच सोडलं तर रंगाखाली गंज पुन्हा डोकं वर काढतो, असं काका सांगायचे. पाणी वाहून जायची भोकं कुजलेल्या पानांनी बुजली होती, तीही तिनंच काढली. कुजलेला तुकडा कापून काकांनी जाड पत्रा वेल्ड केला, वर जस्ताचा प्रायमर मारला, सांधे भरले आणि आतल्या पोकळीत पातळ मेण सोडलं.

"आता टिकेल?"

"धक्क्यावर उभी केलीत तर नाही. आणि प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्यानं धुवायची. कंटाळा केलात की संपलं."

शनिवार-रविवार मात्र जाता जाईनात. एका रविवारी तिनं कपाट आवरायला काढलं आणि तिच्या लक्षात आलं की या घरात त्याचं असं फारसं काहीच नव्हतं. पायाला लागतात म्हणून टाकून दिलेला बुटांचा एक जोड, बस्स. तिचा मात्र तिकडे टूथब्रश होता, शाल होती, उशीसुद्धा ठरलेली होती. ते बूट तिनं पुसले आणि उगाचच दाराशी ठेवले.

गाडी मिळाली त्या शनिवारी ती विनाथांबा गेली. खाऱ्या वाऱ्यापासून गाडी लांब राहावी म्हणून त्यानं टेकडीवर एका दोरखंडवाल्याची बंद शेड बघून ठेवली होती. गाडी तिथे लावून दोघं उतारानं चालत निघाले. तिची बॅग त्याच्या खांद्यावर होती. खाली बोटी दिसत होत्या. इतक्या दिवसांनी त्याच्या शर्टाचा तो ग्रीसचा वास आला आणि तिला वाटलं, हा उतार संपूच नये.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी बदली आली होती. तुझ्याच शहरात, रेल्वेच्या मालधक्क्यावर."

"मग?"

"मी नको म्हणालो."

ती थांबली. "मला बोलला नाहीस."

"क्रेनवर बसलो की समुद्र दिसतो. तो सुटेना. आणि..." त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तू येतच होतीस. या तीन आठवड्यांत कळलं, तू आली नाहीस तर इथे माझं काहीच नाही."

तिला खूप बोलायचं होतं. पण ती पुढे होऊन भराभर उतार उतरू लागली. दुसऱ्या दिवशी निघताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तू ये. बसनं. दोनदा बदलून."

परतीच्या वाटेवर चाक एकदाही वाजलं नाही. वाजलं असतं तर बरं, असं तिला वाटलं, निदान कशावर तरी चिडता आलं असतं.

दोन आठवड्यांनी तो रजा टाकून निघाला. ती तासभर आधीच थांब्यावर जाऊन उभी राहिली होती. बसमधून तो अवघडून उतरला. शर्ट चुरगळलेला, पाय सुजलेले.

"किती लांब आहे गं हे!"

टोचून बोलायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. त्याचा चेहरा बघून नुसतं "हो" म्हणाली.

"बदलीचा अर्ज दिलाय. आता कधी होईल, होईल की नाही, सांगता येत नाही."

"बरं."

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला. चार वर्षांत तो घराचा रस्ता विसरला होता. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला उजवीकडे वळवलं.