चौथा रकाना

अरुणाने श्रीरंगच्या ताटात तिसऱ्यांदा शेपूची भाजी वाढली आणि समोर बसलेल्या सुमित्राबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"बघितलंत ना, काकू? लहानपणी शेपू दिसला की हा ताटावरून उठायचा. बाबांचा मार खाल्ला, पण शेपू नाही खाल्ला. आता बघा, मुकाट्यानं खातो."

"छान झालीये, ताई," श्रीरंग म्हणाला आणि शेवटचं पानही टिपून खाल्लं.

सुमित्राबाईंनी मांडीवरच्या वहीत 'जेवण' या रकान्यात बरोबरची खूण केली. केंद्र सरकारच्या एका खात्यात तेहतीस वर्षं फायलींवर नोटिंग केलेल्या बाईंना समोर माणूस आला की रकाने आपोआप दिसू लागत. निवृत्तीनंतर, ओलीस म्हणून राहून सुटलेल्या लोकांना पुन्हा घरी रुळायला मदत करणाऱ्या एका संस्थेचं काम त्यांनी धरलं होतं. श्रीरंग त्यांचा तिसरा. टँकरवर सेकंड इंजिनियर होता. समुद्री चाच्यांनी जहाज पळवलं आणि त्याला सात महिने डांबून ठेवलं. सुटून आल्यापासून तो लक्ष्मीबाई नगरात या थोरल्या बहिणीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होता, आणि सुमित्राबाई गेले तीन महिने दर मंगळवारी मुनिरक्याहून बसने येत होत्या.

वहीत रकाने चार. झोप, जेवण, बोलणं हे तीन संस्थेचे. चौथा बाईंनी पदरचा घातला होता : 'इतरांची विचारपूस'. माणूस दुसऱ्याची चौकशी करू लागला की तो परत आला असं समजावं, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि श्रीरंगने तो कधी खोटा पडू दिला नव्हता. त्या आल्या की पाणी द्यायच्याही आधी तो विचारायचा, "नचिकेत कसा आहे, काकू?"

नचिकेत म्हणजे बाईंचा मुलगा. पानिपतला चादरींच्या कारखान्यात मॅनेजर. पंधरा दिवसांतून एकदा आईला फोन करायचा, तोही बहुधा कसली तरी किल्ली कुठे ठेवली ते विचारायला. अख्ख्या दिल्लीत त्याची चौकशी करणारा श्रीरंग एकटाच. त्यामुळे येताना बसमध्ये बाई त्याला काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवत. हे मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आज शेवटचा रिपोर्ट होता. माणूस जहाजावर परत पाठवण्याजोगा आहे का, असं कंपनीने संस्थेला विचारलं होतं. बाईंनी 'हो' लिहिलं की येत्या पंधरा तारखेला तो निघणार.

अरुणा ताटं घेऊन आत गेली.

"तुला जायचंय ना?" बाईंनी विचारलं.

"कंपनीनं विचारलं, मी म्हटलं जातो."

"भीती वगैरे?"

"बिल्कुल नाही. काकू, नचिकेतच्या फ्लॅटचं काय झालं? सूनबाईंना आवडला?"

बाईंनी फ्लॅटचं सगळं सांगितलं. बाल्कनीसुद्धा. मग पेनाचं टोपण काढता काढता, इतकं ऐकून घेणाऱ्याला आपणही काही विचारावं म्हणून, त्यांनी विचारलं, "तिथे तुझ्याशी बोलणारं कुणी होतं का रे?"

"एक पहारेकरी होता. दुपारच्या पाळीचा." श्रीरंग सहज सांगू लागला. "त्याचा मुलगा शाळेत जायचा. एकदा मी विचारलं, मुलगा कसा आहे. त्या दिवशी त्यानं दोर सैल बांधला. मग मी रोज विचारायचो. एकदा विसरलो." त्याने टेबलावरचा चमचा उचलून सरळ रेषेत ठेवला. "एकदाच विसरलो."

"आणि जेवण?"

"देतील ते संपवायचं. छान झालंय म्हणायचं. मग कुणी चिडत नाही."

"श्री, भाजी उरलीये थोडी," आतून अरुणाचा आवाज आला. "संध्याकाळी खाशील ना?"

"खाईन, ताई."

बाईंनी वहीची पानं मागे उलटली. बारा मंगळवार. चौथ्या रकान्यात बारा खुणा, एकीखाली एक. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

रिपोर्टमध्ये त्यांनी दोनच शब्द लिहिले : सध्या नाही.

"मॅडम, खुणा तर सगळ्या बरोबरच्या आहेत," संस्थेच्या सेक्रेटरीने फोनवर विचारलं.

"तीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या.

कंपनीने तीन महिन्यांनी पुन्हा विचारू असं कळवलं. अरुणा चिडली. भाऊ मार्गी लागत होता, काकूंनी खोडा घातला. त्यात बाईंनी तिला आग्रह करायलाही बंदी केली.

"अहो, आपल्याकडे पाहुण्यालासुद्धा एकदा विचारून सोडत नाहीत."

"तो पाहुणा आहे का?"

अरुणाने आग्रह थांबवला. पण तिला ते पटलं नव्हतं.

पुढचे मंगळवार जड गेले. श्रीरंग नचिकेतबद्दल विचारायचा, बाई "ठीक आहे" म्हणून थांबायच्या. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, "माझं काही चुकलं का, काकू?"

"नाही. तू विचारलंस तरी मी येणार, नाही विचारलंस तरी येणार."

त्याने मान हलवली. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलंच.

सहाव्या मंगळवारी अरुणाला आयएनए मार्केटात कोवळा शेपू मिळाला होता. तिने एकदा वाढला, त्याने संपवला. सवयीने तिचा हात पुन्हा पुढे आला.

श्रीरंगने ताटावर तळहात आडवा धरला.

"नको."

त्याने दाराकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग बाईंकडे. बाईंनी पोळीचा तुकडा मोडला. अरुणाने डाव पातेल्यात परत ठेवला. तिला जरा वेळ लागला.

"बरं. आमटी?"

"थोडी," तो म्हणाला. मग, "मला शेपू आवडत नाही, ताई."

"माहितीये मला," अरुणा म्हणाली आणि आमटी आणायला आत गेली. तिथे तिने बराच वेळ लावला.

जेवून तो उठला, जरा पडतो म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. नचिकेतबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.

बसस्टॉपवर बाईंनी वही उघडली. चौथा रकाना कोरा होता. त्याच्याकडे त्यांनी समाधानाने पाहिलं आणि वही पर्समध्ये टाकली. सूनबाईंना दिवस गेल्याचं कालच कळलं होतं. बाई आपण होऊन ते सांगणार नव्हत्याच. पण श्रीरंगने विचारलं असतं तर या खेपेला 'ठीक आहे' वर थांबल्या नसत्या.

बस यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर भाजीची पिशवी सांभाळत एक बाई बसल्या होत्या. सुमित्राबाई थोड्या सरकल्या.

"आप कहाँ तक जाएँगी?" त्यांनी विचारलं.